कुंपणाचा हिशेब

स्मरणिकेसाठी बागेवर काहीतरी लिहा, असं कमिटीनं सांगितलं. मला फुलझाडांपेक्षा इतिहासात जास्त रस. म्हणून कुंपणाबद्दल लिहितो. तेही साधंसुधं नव्हे, शेकडो मैल लांबीचं!

इंग्रजी अमलात बंगाल इलाख्यात मिठावर जबर कर होता. शेजारच्या राजपुतान्यातल्या संस्थानांत मात्र मीठ स्वस्त. साहजिकच मिठाची चोरटी वाहतूक चालायची. ती अडवायला सरकारनं जकातीची सरहद्द आखली आणि तिच्यावर काटेरी कुंपण घातलं. पंजाबातल्या लेय्यापासून थेट आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपूरपर्यंत! पहाऱ्याला बारा हजारांहून जास्त माणसं.

सुरुवातीला ते नुसतं वाळक्या काट्यांचं होतं. एका मैलाला सुमारे 250 टन काटे लागायचे, आणि वाळवी, वणवा, वादळ त्यांचा फडशा पाडायचे. 1867 साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम या खात्याचे आयुक्त झाले. 1885 साली मुंबईत काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारे तेच हे ह्यूमसाहेब. त्यांनी जिवंत कुंपणाचा ध्यास घेतला. जशी जमीन तसं झाड: कुठे बोर, कुठे बाभूळ, कुठे करवंद, कुठे निवडुंग. माती वाईट असेल तिथे बाहेरून चांगली माती आणली, चर खणले, बांध घातले, पाण्याची सोय केली. नीट वाढलेलं कुंपण दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट जाड व्हायचं. एवढं करूनही 1878 साली उत्तम हिरवं म्हणावं असं कुंपण जेमतेम 411 मैल होतं. बाकी ठिकाणी कुठे विरळ, कुठे वाळके काटे.

पण हे कुंपण अडवत होतं काय? गरिबाच्या भाकरीबरोबरचं चिमूटभर मीठ. त्यात पहाऱ्यावरचे लोक लाच खायचे, ते वेगळंच. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं.

1 एप्रिल 1879 रोजी ही सरहद्द बंद झाली. सरकारला दया आली म्हणून नव्हे. सांभर सरोवरासारखी मिठाची ठिकाणंच ताब्यात आल्यावर तिथेच कर घेणं सोपं होतं. कर राहिला, कुंपणाची निगा थांबली. पुढे लोक ते इतके विसरले, की रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला ते वर्षानुवर्षं शोधावं लागलं. 1998 साली इटावा जिल्ह्यात, चंबळच्या बाजूला, त्याचा थोडासा अवशेष त्यांना सापडला.

आता आपल्या कोयनेलच्या कुंपणाकडे वळू. माळ्याचा पगार वाचवायला तिथे भिंत घाला, अशी सूचना सर्वसाधारण सभेत दर वर्षी येते. भिंत एकदाच बांधावी लागते, हे खरं. कुंपणाला मात्र दर काही आठवड्यांनी कात्री लागते. तीही वर थोडं अरुंद, खाली रुंद अशी, नाहीतर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि बुंधे उघडे पडतात. पण आपलं कुंपण कुणाचं मीठ अडवत नाही. त्यात बुलबुल घरटं करतात, आणि पलीकडच्या चाळीतल्या लोकांशी त्याच्यावरून बोलता येतं. पंचवीस वर्षं टिकलेली ही सोय माळ्याच्या पगारात स्वस्तच पडते, असं मला वाटतं. पुढच्या सभेत हात वर करण्याआधी सभासदांनी याचा जरूर विचार करावा.