बदकाची पिपाणी : लाकडाची की ॲक्रिलिकची?

हतनूरच्या पाण्यावर बदकं उतरली की पोरं मोबाइलवर बदकाच्या पिपाण्या शोधायला लागतात. परवा पुतण्यानं विचारलं, काका, लाकडाची घेऊ की ॲक्रिलिकची?

हे हत्यार आपलं नाही, अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं. तिथे आधी पाळीव बदकं पाण्यात बांधून रानबदकं फसवायचे. १९३५ ला त्यावर बंदी आली अन् पिपाणीचा भाव वधारला. १९३६ ला आर्कान्साच्या भातपट्ट्यात, स्टुटगार्टला, बदकाचा आवाज काढायची स्पर्धा सुरू झाली. ती आजही भरते. तेव्हाच्या पिपाण्या लाकडाच्या, नाहीतर कडक रबराच्या. लाकडाचा आवाज मऊ, जवळच्या बदकाला पटणारा. पण ओल धरली की लाकूड फुगतं, सूर बिघडतो. पावसाळ्यात आपलं दार चौकटीत अडकतं ना, तसंच. ॲक्रिलिक पाणी पीत नाही, आवाज कडक, वाऱ्यातही लांब जातो. मोठ्या पाण्यावर तेच चालतं.

पुतण्याला म्हटलं, हौसच असेल तर लाकडाची घे अन् घरात वाजव, हतनूरवर नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहे. अन् फोटोसाठी जरी बोलावलं, तरी हिमालयापलीकडून थकून आलेलं पाखरू उगाच उठतं. त्यानं अजून ऑर्डर टाकलेली नाही.