प्रत्येक विद्यार्थ्यास लॅपटॉप : अमेरिकेतील शालेय जिल्ह्यांचा अनुभव (२००१ ते २०१४) – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती स्वतंत्र संगणक असावा ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अमेरिकेतील असंख्य शालेय जिल्ह्यांनी काही महिन्यांतच ती अमलात आणली. तथापि या कल्पनेला त्यापूर्वीचा मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात लॅपटॉप वाटणारे जिल्हे आहेत, तसेच वाटलेले लॅपटॉप परत घेणारेही आहेत. एकच यंत्र एका ठिकाणी रुजते आणि दुसऱ्या ठिकाणी का रुजत नाही, या प्रश्नाचा काही निवडक जिल्ह्यांच्या आधारे शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे 'शालेय जिल्हा' या संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडील महसुली जिल्ह्याशी तिचा संबंध नाही. अमेरिकेत शाळा चालविणारी ती स्थानिक संस्था होय. तिचे शिक्षण मंडळ बहुधा निवडून आलेले असते, मंडळ अधीक्षकाची नेमणूक करते आणि खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून उभा राहतो. त्यामुळे लॅपटॉप योजना स्वीकारणे वा सोडणे हा निर्णय शैक्षणिक असतो तितकाच स्थानिक राजकारणाचाही असतो.

पार्श्वभूमी :

या प्रयोगाचा उगम अमेरिकेत नव्हे, तर ऑस्ट्रेलियात झाला. मेलबर्न येथील मेथॉडिस्ट लेडीज कॉलेज या खाजगी शाळेने १९९० मध्ये प्राचार्य डेव्हिड लोडर यांच्या पुढाकाराने विद्यार्थिनींसाठी लॅपटॉप अनिवार्य करण्यास प्रारंभ केला. यामागे सीमूर पॅपर्ट यांच्या विचारांची प्रेरणा होती. मुलाने संगणकाकडून शिकण्याऐवजी संगणकाला शिकवावे आणि त्यातून स्वतः शिकावे, ही पॅपर्ट यांची भूमिका होती. मात्र मेलबर्नमध्ये यंत्राचा खर्च पालक करीत होते. हीच कल्पना सार्वजनिक शाळेत आणावयाची तर तो भार करदात्यांवर पडणार होता, आणि खऱ्या अडचणींचा आरंभ तेथूनच झाला.

मेन राज्याचे गव्हर्नर अँगस किंग यांनी मार्च २००० मध्ये राज्याच्या अंदाजपत्रकातील शिलकीतून सातवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास लॅपटॉप देण्याचा प्रस्ताव मांडला. त्यास तीव्र विरोध झाला. विधिमंडळाने कार्यदल नेमून त्याची छाननी केली आणि २००२ च्या शरदात योजना सुरू झाली. या विलंबाचा एक लाभ असा झाला की, शिक्षकांचे प्रशिक्षण व दुरुस्तीची व्यवस्था यांचा विचार यंत्रे येण्यापूर्वीच होऊ शकला.

हेन्रायको : वेगाची किंमत

व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरालगतच्या हेन्रायको काउंटीने मेनपेक्षा अधिक वेग दाखविला. अधीक्षक मार्क एडवर्ड्स यांच्या कारकिर्दीत मे २००१ मध्ये अ‍ॅपल कंपनीशी सुमारे २३,००० आयबुक यंत्रांच्या भाडेपट्ट्याचा करार जाहीर झाला. शाळांसाठी त्या काळातील हा सर्वांत मोठा करार मानला गेला. करार जाहीर झाल्यापासून काही महिन्यांतच शालान्त स्तरावरील विद्यार्थ्यांच्या दप्तरात लॅपटॉप आले. या निर्णयामागे समतेची भूमिका होती : ज्याच्या घरी संगणक आहे आणि ज्याच्या घरी नाही, अशा दोघांनाही एकच साधन मिळावे.

अडचणी पहिल्याच वर्षी समोर आल्या. खेळ, परस्पर संदेश आणि आक्षेपार्ह संकेतस्थळे यांमुळे यंत्रांवर नियंत्रणे बसवावी लागली. २००५ मध्ये जिल्ह्याने शालान्त स्तरासाठी डेल कंपनीची यंत्रे निवडली. जुन्या यंत्रांपैकी एक हजार आयबुक काउंटीच्या रहिवाशांना प्रत्येकी ५० डॉलरला विकण्याचे ठरले. १६ ऑगस्ट २००५ रोजी रिचमंड येथील मोटार शर्यतीच्या मैदानावर विक्रीसाठी पाच हजारांहून अधिक लोक जमले. दरवाजे उघडताच चेंगराचेंगरी होऊन सतरा जण जखमी झाले.

ही घटना त्या वेळी वृत्तपत्रांतून विनोदाचा विषय ठरली. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती वेगळे काही सांगते. चार वर्षे मुलांच्या हातून वापरले गेलेले, शाळेने निरुपयोगी ठरविलेले यंत्र मिळविण्यासाठी हजारो लोक पहाटेपासून उन्हात उभे राहिले. त्यांतील अनेकांना केवळ स्वस्ताईचे आकर्षण असेल. तरीही शाळेने विद्यार्थ्याला दिलेली समता शाळेच्या कुंपणाबाहेर पोहोचली नव्हती, हे त्या गर्दीने दाखविले.

माघार, पाळत आणि घाई :

न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरालगतच्या लिव्हरपूल शालेय जिल्ह्याने २००७ मध्ये लॅपटॉप योजना टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला. यंत्रे वारंवार नादुरुस्त होत होती, विद्यार्थी सुरक्षा भेदून गैरवापर करीत होते आणि गुणवत्तेत वाढ दिसत नव्हती. लॅरी क्यूबन यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात सिलिकॉन व्हॅलीतील शाळांविषयी असेच निरीक्षण नोंदविले होते. साधने विपुल असूनही बहुतेक शिक्षक त्यांचा वापर क्वचित व जुन्याच अध्यापनपद्धतीला पूरक म्हणून करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. लिव्हरपूलच्या अनुभवाने त्याला दुजोरा मिळाला.

फिलाडेल्फियाच्या उपनगरातील लोअर मेरियन हा सधन जिल्हा. येथे पैशाची उणीव नव्हती. प्रश्न विश्वासाचा उद्भवला. सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपमध्ये हरवलेले यंत्र शोधण्यासाठी अशी प्रणाली बसविली होती की, तिच्याद्वारे यंत्राचा कॅमेरा दुरून सुरू करता येई. याची कल्पना पालकांना देण्यात आली नव्हती. फेब्रुवारी २०१० मध्ये एका कुटुंबाने न्यायालयात दावा दाखल केला. पडद्यांची व कॅमेऱ्यातून टिपलेली पन्नास हजारांहून अधिक छायाचित्रे साठल्याचे पुढे निष्पन्न झाले. फौजदारी आरोप ठेवले गेले नाहीत. तथापि ऑक्टोबर २०१० मध्ये जिल्ह्याने ६,१०,००० डॉलर देऊन तडजोड केली. शाळेची मालमत्ता विद्यार्थ्याच्या शयनगृहात गेली, की शाळेचा अधिकारही तेथवर जातो काय, हा प्रश्न या प्रकरणाने प्रथमच ठळकपणे मांडला.

लॉस एंजेलिसमध्ये लॅपटॉपऐवजी आयपॅड होते, परंतु योजनेचे स्वरूप तेच होते. साडेसहा लाखांच्या आसपास विद्यार्थिसंख्या असलेल्या या जिल्ह्याने जून २०१३ मध्ये सुमारे तीन कोटी डॉलरच्या पहिल्या टप्प्यास मंजुरी दिली. पैसा शालेय इमारतींसाठी उभारलेल्या कर्जरोख्यांतील होता. सप्टेंबरमध्ये तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी यंत्रावरील नियंत्रणे काढून टाकली आणि त्यानंतर यंत्रे घरी नेण्यास मनाई झाली. अभ्यासक्रमाचे साहित्य अपूर्ण होते. परीक्षांसाठी लागणारे कळफलक मूळ खरेदीत नव्हते. निविदेपूर्वीच्या पत्रव्यवहाराविषयी शंका उपस्थित होऊन ऑगस्ट २०१४ मध्ये करार थांबविण्यात आला व ऑक्टोबरमध्ये अधीक्षक जॉन डीझी यांनी राजीनामा दिला. पुढील संघराज्य चौकशी आरोपांविना संपली. योजना मात्र पुन्हा उभी राहिली नाही.

मूर्सव्हिल : दुसरी संधी

या इतिहासातील लक्षणीय बाब अशी की, हेन्रायकोचे अधीक्षक एडवर्ड्स २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील मूर्सव्हिल या लहान जिल्ह्यात रुजू झाले. येथे त्यांनी क्रम बदलला : प्रथम शिक्षकांच्या हाती यंत्र, मग प्रशिक्षण, आणि त्यानंतर विद्यार्थी. पाठ्यपुस्तकांवरील खर्चाचा काही भाग योजनेकडे वळविण्यात आला. पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २००८ मधील ८० टक्क्यांवरून २०११ मध्ये ९१ टक्के झाले. प्रतिविद्यार्थी खर्चात राज्याच्या ११५ जिल्ह्यांत शंभरावे स्थान असलेल्या जिल्ह्याचे हे यश देशभर वाखाणले गेले.

तथापि त्याच काळात आर्थिक मंदीमुळे ३७ शिक्षकांसह ६५ पदे कमी करण्यात आली व वर्गांतील विद्यार्थिसंख्या वाढली, हेही नोंदविले पाहिजे. यशाचे श्रेय केवळ यंत्राला देता येत नाही; शाळेची एकूण कार्यपद्धतीच तेथे बदलली होती.

निष्कर्ष :

वरील विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, यंत्राची खरेदी एकदाच होते, परंतु दुरुस्ती, बदली आणि देखरेख ही जबाबदारी अखंड असते. ती गृहीत न धरणारे जिल्हे तीन-चार वर्षांतच पेचात सापडले. दुसरी, शिक्षकाला वगळून विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणारे यंत्र अध्यापनाबाहेरच राहते. तिसरी, शाळेचे यंत्र घरात जाताच शाळा आणि कुटुंब यांच्यातील जुनी सीमारेषा पुसट होते. ती पालकांच्या संमतीने नव्याने आखावी लागते.

या प्रश्नांशी महाराष्ट्राचाही संबंध आला आहे. स्वस्त लॅपटॉपच्या जागतिक मोहिमेतील एक प्रारंभिक प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराट येथील प्राथमिक शाळेत झाला होता. तमिळनाडू शासनाने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटपाची मोठी योजना राबविली. अशा प्रत्येक योजनेच्या आरंभी समतेचे आश्वासन असते. ज्या मुलाच्या घरी दुसरा संगणक आहे, त्याचे योजना बंद पडल्याने फारसे बिघडत नाही. ज्याच्या घरी तो नाही, त्याच्या बाबतीत मात्र दिलेले साधन परत घेणे हे आश्वासनच परत घेणे ठरते. म्हणून वाटपाच्या समारंभापेक्षा पाचव्या वर्षाच्या तरतुदीवरून अशा योजनेचे मूल्यमापन होणे अधिक न्याय्य आहे.