मैत्रीसाठी दिलेला चषक

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील क्रोमर येथे १९०५ साली ब्रिटिश महिला हौशी गोल्फ स्पर्धा भरली. अटलांटिक ओलांडून आलेल्या अमेरिकी खेळाडूंमध्ये बॉस्टनच्या हॅरियट आणि मार्गारेट कर्टिस या बहिणी होत्या. पाहुण्या आल्याच आहेत, तर यजमानांशी एक सांघिक सामनाही होऊ द्या, असे ठरले. ब्रिटनने तो ६-१ असा जिंकला. अमेरिकी मुली सपाटून हरल्या, पण कर्टिस भगिनींच्या मनात त्या सामन्याची गोडी राहिली ती कायमची.

या बहिणींविषयी थोडे अधिक सांगायलाच हवे. हॅरियट १९०६ मध्ये अमेरिकेची हौशी विजेती झाली. पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत तिच्यासमोर धाकटी मार्गारेट उभी राहिली आणि सहा होल शिल्लक असताना सात होलांच्या आघाडीने जिंकली. मार्गारेटने हे विजेतेपद आणखी दोनदा मिळवले. टेनिसच्या दुहेरीतही ती राष्ट्रीय विजेती होती. पहिल्या महायुद्धात तिने फ्रान्समध्ये रेडक्रॉसचे काम केले. सख्ख्या बहिणीशी राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजायचे आणि नंतर तिच्याच जोडीने एक स्वप्न बावीस वर्षे जपायचे, हे मला त्यांच्या सगळ्या पदकांहून मोठे वाटते. १९२७ मध्ये दोघींनी चांदीचे एक वाडगे चषक म्हणून देऊ केले. अनेक देशांच्या महिला गोल्फपटूंमध्ये मैत्रीपूर्ण चुरस वाढावी, हा हेतू त्यावर कोरलेला आहे.

चषक तयार होता, सामना मात्र नव्हता. समुद्रापलीकडे संघ पाठवायचा तर पैसा लागतो, आणि हौशी खेळात तो कोण देणार? वाट पाहून कंटाळलेल्या अमेरिकी गोल्फपटू ग्लेना कॉलेटने १९३० मध्ये स्वतःच अमेरिकी मैत्रिणींचा संघ जमवला आणि सनिंगडेल गाठले. ब्रिटनने तो अनधिकृत सामना जिंकला. पण खरे काम झाले ते संघटनांना जागे करण्याचे. २१ मे १९३२ रोजी वेंटवर्थ येथे पहिला अधिकृत कर्टिस चषक सामना झाला. सकाळी तीन फोरसम्स, दुपारी सहा एकेरी. फोरसम्समध्ये दोघींचा चेंडू एकच. एक फटका हिचा, पुढचा तिचा. जोडीदारणीच्या चुकलेल्या फटक्यापासून आपला फटका सुरू करायचा, तोही कपाळाला आठी न पाडता. मैत्रीची याहून चांगली परीक्षा गोल्फमध्ये नाही. हा प्रकार ब्रिटनमध्ये अधिक रुळलेला, तरी सकाळचे तिन्ही सामने अमेरिकेने घेतले. दुपारी ब्रिटनच्या जॉइस वेदरेडने ग्लेनाला हरवले, तरीही ५½-३½ असा निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला.

१९३६ मध्ये ग्लेनइगल्सला बरोबरी झाली. मग युद्धाने खंड पाडला. ब्रिटन आणि आयर्लंडच्या संघाला पहिला विजय मिळाला १९५२ मध्ये, म्युअरफील्डवर. १९५६ चा विजय आणि १९५८ ची बरोबरी या दोन्ही वेळी याच संघाच्या फ्रान्सेस स्मिथने निर्णायक सामना अखेरच्या होलवर जिंकला.

त्यानंतरचा काळ मात्र कठीण होता. १९६० ते १९८४ या काळात हा संघ सलग तेरा सामने हरला. १९८२ मध्ये तर १४½-३½. दर दोन वर्षांनी हरायला का जायचे, असे म्हणून कुणी हा सामना बंद केला नाही, याचे मला अतिशय कौतुक वाटते. आणि १९८६ मध्ये कॅन्ससच्या प्रेअरी ड्यून्सवर त्याच संघाने अमेरिकेला १३-५ असे हरवले. ब्रिटन-आयर्लंडच्या कोणत्याही संघाने, पुरुषांच्या वा महिलांच्या, हौशी वा व्यावसायिक, अमेरिकेच्या भूमीवर असा सांघिक सामना तोवर जिंकला नव्हता.

अलीकडे बऱ्याच मुली इथून थेट व्यावसायिक खेळाकडे वळतात. त्यांत गैर काही नाही. पण कॅरल सेंपल थॉम्पसन आयुष्यभर हौशी राहिली आणि बारा वेळा अमेरिकेकडून उतरली. २००२ मध्ये फॉक्स चॅपेल येथे, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, अठराव्या होलवर तिने सत्तावीस फुटांवरून पट मारला; चेंडू कपात गेला आणि चषक अमेरिकेकडे राहिला. संघातल्या तिच्या मैत्रिणी तिच्या मुली शोभाव्यात अशा वयाच्या होत्या.

२००८ मध्ये हा सामना सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर आला आणि प्रथमच तीन दिवसांचा झाला. आता प्रत्येकी आठ खेळाडू आणि वीस गुण असतात. २०२२ मध्ये मेरियनला अमेरिकेच्या संघात भारतीय वंशाची मेघा गन्नेही होती. तिचा संघ १५½-४½ असा जिंकला. दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, कॅट्रिओना मॅथ्यूच्या नेतृत्वाखाली ब्रिटन-आयर्लंडने सनिंगडेलवर १०½-९½ अशी बाजी मारली. चषकावर अनेक देशांचा उल्लेख असला, तरी सामना आजही दोनच संघांत होतो. तिसऱ्या संघासाठी हे दार कधी उघडले, तर कर्टिस भगिनींची मूळ इच्छा पुरी होईल.