यंत्रविद्या, अर्जन आणि ऋण

मेकॅनिकल इंजिनियरची पदवी घेण्यासाठीं कर्ज काढावें काय, हा प्रश्न आज अनेक सुशिक्षित घरांत पडतो, आणि तो सोडविण्याची रीतही ठरून गेली आहे. कागदाच्या एका बाजूस चार वर्षांची फी, वसतिगृहाचा खर्च व व्याज मांडावयाचें, दुसऱ्या बाजूस पदवीधराचा अपेक्षित पगार मांडावयाचा, आणि वजाबाकी करावयाची. हा हिशेब चुकीचा नाहीं. पण तो अपुरा आहे. पगार मिळेलच, हें त्यांत गृहीत धरलेलें असतें. न मिळाला तर तोटा कोणाचा, हें कलम त्या कागदावर कोठेंच नसतें. या विद्येचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, प्रत्येक काळानें या गाळलेल्या प्रश्नाचें आपल्यापरी उत्तर दिलेलें आहे.

यंत्रविद्या कॉलेजांत येण्यापूर्वीं ती उस्तादाच्या हाताखालीं शिकली जात असे. इंग्लंडांत १५६३ च्या कायद्यानें उमेदवारीची मुदत निदान सात वर्षें ठरविली होती. वाफेच्या यंत्रास नवें रूप देणारा जेम्स वॅट १७५५ सालीं उपकरणें बनविण्याची कला शिकण्यास लंडनास गेला, तेव्हां त्यानें एका वर्षाच्या शिक्षणाबद्दल जॉन मॉर्गन नांवाच्या कारागिरास वीस गिनी दिल्या, आणि शिवाय त्याच्यासाठीं काम केलें. फी जबर होती. पण शिष्य निरुपयोगी निघाला तर त्याच्या श्रमाचा लाभ गुरूचाही बुडावयाचा. धोका दोघांत वांटलेला होता.

आपल्याकडे हें ओझें प्रथम सरकारनें उचललें. १८५४ सालीं पुण्यास इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, तो सार्वजनिक बांधकाम खात्यास दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. गिऱ्हाईक आधीं ठरलें, शाळा मागाहून निघाली. सर विश्वेश्वरय्या हे स्थापत्याचे, यंत्रविद्येचे नव्हत. पण पुण्यास शिकून १८८४ त ते मुंबई इलाख्याच्या त्याच खात्यांत शिरले, हा क्रम त्या काळचा नमुनाच होय. १८८७ त गिरण्यांच्या मुंबईंत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. मात्र अशा संस्थांत जागा थोड्या, आणि आंत गेलेल्यांच्या निर्धास्तपणाची किंमत बाहेर राहिलेल्यांनीं दिली, हें विसरतां येत नाहीं.

विद्येसाठीं ऋण, ही कल्पनाही नवी नव्हे. जमशेटजी टाटा यांनीं १८९२ त परदेशांतील उच्च शिक्षणासाठीं जो निधि स्थापन केला, त्यांतून मिळे तें दान नसून फेडीच्या बोलीचें कर्ज असे. एकाची फेड दुसऱ्याच्या कामीं येई. पण निधि विद्यार्थ्यांची निवड करी, आणि पारख चुकल्याचा धोका त्याच्याही अंगावर राही.

१९८३ सालीं हा क्रम उलटला. वसंतदादा पाटील यांच्या सरकारनें महाराष्ट्रांत विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजांस परवानगी दिली. ज्यांना पूर्वीं दार बंद होतें अशा असंख्य घरांतून इंजिनियर निघाले. हा लाभ लहान नव्हे. पण जागांची संख्या आतां गिऱ्हाईकाच्या गरजेवर न ठरतां पालकांच्या आशेवर ठरूं लागली. सरकार बाजूस झालें, त्या जागीं बँक आली. २००१ सालीं भारतीय बँकांच्या संघानें शैक्षणिक कर्जाची नमुना-योजना आखली. चार लाखांपर्यंत तारण नाहीं, पण पालक सहकर्जदार. शिक्षण संपल्यावर एक वर्षानें किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनीं, यांपैकीं जें आधीं घडे तेव्हांपासून त्या योजनेंत फेड सुरू होत असे.

शिक्षण संपतांना देणें चार लाख, व्याज शेंकडा दहा, मुदत सात वर्षें, असें धरलें तर हप्ता दरमहा सुमारें ६,६४० रुपये येतो. साठ हजार मिळविणाऱ्यास हा पगाराचा नववा हिस्सा. वीस हजार मिळविणाऱ्यास तिसरा. आणि ज्यास नोकरीच लागली नाहीं त्यास? हप्ता तोच, फक्त तो बाप भरतो. उस्ताद, सरकार आणि निधि यांच्या जागीं आतां एकटें घर उभें आहे.

याहून निराळा मार्ग नाहीं असें मात्र नव्हे. १९५५ त मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, विद्यार्थ्यास दिलेला पैसा ठराविक हप्त्यांनीं न घेतां त्याच्या पुढील मिळकतीच्या हिश्शानें परत घ्यावा. येल विद्यापीठानें १९७१ त तसें करून पाहिलें: दर हजार डॉलर कर्जामागें वार्षिक मिळकतीचा ०.४ टक्का, आणि सबंध तुकडीचें देणें फिटेपर्यंत किंवा पस्तीस वर्षें होईपर्यंत सुटका नाहीं. बुडविणाऱ्यांचा भार फेडणाऱ्यांवर पडला, आणि अखेर विद्यापीठास उरलेलीं देणीं सोडून द्यावीं लागलीं. ऑस्ट्रेलियानें १९८९ त हीच कल्पना उचलली, पण वसुली करखात्याकडे सोंपविली, आणि मिळकत ठराविक मर्यादेखालीं असेल तोंवर कांहीं मागितलें नाहीं. बुडालेली रक्कम शेजाऱ्यावर न पडतां सरकारवर पडली. नियम बदलत गेले, पण ती पद्धति टिकली.

आपल्याकडे २००९ पासून अल्प उत्पन्नाच्या घरांस शिक्षणकाळांतील व्याजाची सवलत मिळूं लागली. ती उपकारक खरी, पण नोकरी न लागल्याचा धोका तीमुळें टळत नाहीं. तो वांटून घेणारी व्यवस्था येईपर्यंत पालकांच्या हातीं एवढेंच आहे कीं, कॉलेजानें छापलेल्या सर्वांत मोठ्या पगारावर हिशेब न मांडतां मधल्या मुलाच्या पगारावर मांडावा, आणि किती मुलें रिकामीं राहिलीं तेंही विचारावें. पंचवीस वर्षांहून अधिक काळ शिकविल्यावर मला हें ठाऊक आहे कीं, रिकामीं राहिलेलीं मुलें सगळींच आळशी किंवा मंद नसतात. पुष्कळदां त्यांचें पदवीचें वर्षच मंदीचें असतें. त्या वर्षाची किंमत एकट्या त्यांच्या आईबापांनीं भरावी, हा न्याय आपण कधीं विचारपूर्वक मान्य केलेला नाहीं. तो नकळत आपल्या गळ्यांत पडला आहे.