स्टेशनजवळची खोली

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एका ताईंचे डोळे भरून आले. कल्याण स्टेशनपासून दहा मिनिटांवरची त्यांची खोली मालकाने आठ दिवसांत रिकामी करायला सांगितली होती आणि डिपॉझिटचं नाव काढत नव्हता. कागद केला होता का, विचारलं. नव्हता. सगळा व्यवहार तोंडी. म्हणून आज आम्ही भाड्याच्या खोलीचा इतिहास सांगणार आहोत.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. पण गिरणी कामगार पायीच कामावर जायचा, म्हणून परळ-लालबागच्या चाळी गिरण्यांना खेटून उभ्या राहिल्या. एकाच खोलीत गावाकडची माणसं पाळीपाळीने झोपायची. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या आपल्यासारख्याच बायका. भाडेपावतीवर नाव मात्र बहुधा पुरुषाचं.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली त्यांना आवर घालणारा कायदा आला. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर बांधली. राहणाऱ्याला आधार मिळाला, पण मालकाला परवडेना. मग आली पागडी. कायद्याने गुन्हा, म्हणून रक्कम रोख आणि पावती नाही. तोंडी व्यवहाराची ही जुनी खोड! पुढे माणसं लोकलच्या रुळांच्या कडेने डोंबिवली, कल्याण, बदलापूरपर्यंत सरकली. घरचं आवरून सातची गाडी गाठणारीला स्टेशनजवळची खोलीच हवी असते. मालकालाही ते ठाऊक असतं.

३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्याचं कलम ५५ लक्षात ठेवा. करार लेखी आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर वादात भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं.

ताईंनी डिपॉझिट गटाच्या कर्जातून, बँकेमार्फत भरलं होतं. ती नोंद घेऊन आम्ही पाचजणी मालकाकडे गेलो. कलम वाचून दाखवलं. निम्मे पैसे मिळाले, उरलेल्यांसाठी खेपा चालू आहेत. नवी खोली स्टेशनपासून वीस मिनिटांवर आहे, पण करार नोंदवलेला आहे आणि त्यावर नाव ताईंचं आहे.

तुमच्या करारावर कुणाचं नाव आहे? आज घरी गेल्यावर तेवढं बघा.