शिकवणीदार कीं मनोवैद्य?

मन खचलें म्हणजे हल्लीं शहरांतील सुशिक्षित माणसापुढें दोन पाट्या येतात : एक ‘लाइफ कोच’ची, दुसरी ‘थेरपिस्ट’ची. कोणत्या दाराची कडी वाजवावी? हीं दारें कोणत्या गरजेनें उघडलीं हें पाहिलें, तर निवड पुष्कळ सोपी होते.

हंगेरींत कोच नांवाचें गांव आहे. तेथें पंधराव्या शतकांत उत्तम घोडागाड्या बनत. गाडीस गांवाचेंच नांव पडलें. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेच्या मुक्कामास पोंचविणाऱ्या खाजगी शिकवणीदारास तें थट्टेनें लाविलें. पुढें तें क्रीडांगणावर गेलें, आणि तेथून व्यापारी कचेऱ्यांत. थॉमस लेनर्ड या अमेरिकन आर्थिक सल्लागारानें १९९२ सालीं कोचांची शाळा काढली व १९९५ सालीं त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापिला. म्हणजे कोच हा आम्हां शिक्षकांचाच भाऊबंद! शिष्य धडधाकट आहे असें धरूनच त्याचें काम चालतें.

दुसऱ्या दाराचा उगम रुग्णशय्येपाशीं आहे. व्हिएन्नांत डॉ. योसेफ ब्रॉयर १८८० ते १८८२ पर्यंत बर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार करीत होते. आजारी वडिलांची शुश्रूषा करतांना तिचे हातपाय लुळे पडूं लागले, आणि स्वतःची जर्मन भाषाही ती विसरली. मनांतलें बोलून टाकलें कीं लक्षणें ओसरत. ‘बोलण्याचा उपचार’ हें नांव तिनेंच दिलें. ती लगेच बरी मात्र झाली नाहीं. १८८२ सालींच तिला आरोग्यभवनांत ठेवावें लागलें, ही गोष्ट ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ च्या ग्रंथांत सांगितलेली नाहीं. आपल्याकडे ही विद्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं रुजविली. १९२२ सालीं कलकत्त्यास त्यांनीं मनोविश्लेषणाची संस्था काढली. तेही वैद्यच.

चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांस १९९२ च्या पुनर्वास परिषदेच्या कायद्यानें नोंदवहींत आणलें. कोचाची पाटी लावण्यास मात्र कोणाची परवानगी लागत नाहीं. नोकरी बदलावयाची आहे, दिनक्रम लावावयाचा आहे, तर कोच उपयोगी पडेल. परंतु आठवडेच्या आठवडे झोप नाहीं, अन्न जात नाहीं, जगणें नकोसें वाटतें, अशा वेळीं त्याच्याकडे एक दिवसही दवडूं नये, मनोवैद्य गांठावा. शहाणा कोच स्वतःच तसें सांगतो. म्हणून पहिल्याच भेटींत त्यास विचारावें : असा प्रसंग आलाच, तर आपण मला कोणाकडे पाठवाल?