गाडी बदलली तरी वळकटी आपलीच!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला आणि तेव्हापासून नात्यागोत्यातून एकच प्रश्न येतो, "काका, जुना संगणक भंगारात घालायचा का?" माझं उत्तर ठरलेलं, "थांबा, आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा." पण आम्ही पडलो इतिहासाचे मास्तर. कृतीआधी गोष्ट सांगणं आलंच!

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि लोकांसाठी खुला केला. सुरुवातीला तो फ्लॉपीवरून चालू करावा लागे. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नोपर यांनी 'क्नॉपिक्स' काढलं. सीडी घाला, संगणक चालू करा, अख्खी प्रणाली सीडीवरूनच चालते आणि आतल्या हार्डडिस्कला धक्काही लागत नाही. अडचण एकच, सीडीवर काही लिहिता येत नसे. संगणक बंद केला की, वेगळं कुठे जपलं नसेल तर, केलेलं काम गेलं.

त्याच वर्षी पेनड्राइव्ह बाजारात आला. आयबीएमने विकायला आणलेल्या पहिल्या पेनड्राइव्हची क्षमता होती अवघी ८ एमबी! पुढे ती वाढत गेली आणि सीडीची अडचण सुटली. पेनड्राइव्हचे जणू दोन भाग करतात. एक छापील पाठ्यपुस्तकासारखा, म्हणजे मूळ प्रणाली घट्ट दाबून भरलेली, तिच्यात खाडाखोड नाही. दुसरा कोऱ्या वहीसारखा, त्यात तुमच्या फायली आणि तुमच्या आवडीनिवडी राहतात. या वहीला 'पर्सिस्टन्स' म्हणतात.

आता ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातल्या एका शाळेपाशी येते. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचे छोटे हिरवे लॅपटॉप आले. त्यांत हार्डडिस्क नव्हतीच, होती १ जीबी फ्लॅश मेमरी, म्हणजे पेनड्राइव्हच्याच जातीची. त्यावर लिनक्स आणि मुलांसाठी केलेली 'शुगर' ही मांडणी. मुलाने जे केलं ते 'जर्नल'मध्ये आपोआप जपलं जाई. पण शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला हा लॅपटॉप प्रत्यक्षात १८८ डॉलरच्या आसपास गेला. गरीब देशांना तो परवडेना.

मग २००९ च्या जूनमध्ये 'शुगर ऑन अ स्टिक' आलं. लॅपटॉप नको, १ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे! शाळेतला, शेजाऱ्याचा, वाचनालयातला, चालेल असा कोणताही संगणक घ्या. मुलाचं जर्नल मुलाच्या खिशात.

याचं मोल मला मास्तर म्हणून कळतं. एका संगणकापुढे चार-पाच पोरं बसत. एकाने काढलेलं चित्र दुसरा पुसून टाकी आणि पहिल्याचा चेहरा पडे. प्रत्येकाला संगणक मिळणं कठीण होतं, पण प्रत्येकाला आपली पाटी मिळू शकली असती.

पुलगावकरांना आर्वीची नॅरोगेज गाडी आठवत असेल. ती आता बंद आहे. आर्वीचा माणूस पुलगावला उतरून मोठ्या गाडीत बसे. गाडी बदले, वळकटी मात्र त्याचीच!

असो. करून बघणाऱ्यांसाठी चार गोष्टी. लिनक्सची आयएसओ फाइल नुसती कॉपी करून भागत नाही, ती 'रूफस'सारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर उतरवावी लागते. त्यात पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो आधी हलवा! 'पर्सिस्टन्स'ची सोय त्याच वेळी करून घ्या. संगणक चालू होताना बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा. आणि फ्लॅश मेमरी वारंवार लिहिण्याने झिजते, म्हणून महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत ठेवाच.

आज मुलांचं काम मोबाइलमधून दूरच्या कुणाच्या तरी कोठारात जातं. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण पासवर्ड विसरला किंवा खातं बंद झालं, तर दार ठोठवायचं कुणाचं? मुलाच्या हातात त्याची स्वतःची एक वही असावी, एवढंच माझं म्हणणं. घरातला जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी नातवंडांसोबत एक संध्याकाळ हे करून बघा, आणि काय झालं ते मला कळवा.